गॅसमुक्त रविवार

ज्या माणसाने जन्मात कधी स्वतःच्या हाताने चहा केला नाही, त्याने भर सभेत उभे राहून अख्ख्या सोसायटीला जेवू घालण्याची प्रतिज्ञा का करावी, या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरात अजून मिळालेले नाही. बायको अधूनमधून विचारते आणि मी अधूनमधून विषय बदलतो. पण प्रतिज्ञा झाली होती, तिला साक्षीदार होते आणि त्यातले निम्मे मला पाण्यात पाहणारे होते.

रोह्याजवळच्या अष्टमीत, कुंडलिका नदीच्या पुलाजवळच आमची ‘कुंडलिका दर्शन’ सोसायटी आहे. चार मजले, एक लिफ्ट, एक पाण्याचा पंप आणि एक चेअरमन. (नावातले दर्शन गच्चीवर गेल्यास घडते. खालून फक्त समोरच्या दुकानांच्या पाट्या दिसतात.) धाटावच्या एका कंपनीत जन्मभर शिफ्टा करून मी निवृत्त झालो आणि पेढे वाटून होतात न होतात तोच लोकांनी मला सेक्रेटरी केले. लाइट गेली की बेल वाजत नाही, म्हणून ज्याचे दार बडवतात, त्याला सेक्रेटरी म्हणतात.

आणि लाइट जातेच. ती गेली की पंप बंद, लिफ्ट बंद. बाकीचे लोक कुरकुरत जिने चढतात, पण चौथ्या मजल्यावरच्या नाओमीकाकूंचे तसे नव्हते. काकू मूळच्या रेवदंड्याकडच्या, बेने इस्रायली ज्यू. सायमनकाका गेले, मुले इस्रायलला स्थायिक झाली, बोलावून बोलावून थकली. काकू म्हणतात, “तिथं जाऊन मी मराठीत भांडू कोनाशी?” त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. एकदा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि काकू अख्खी सकाळ भाजीच्या पिशवीवर बसून राहिल्या. त्या दिवसापासून त्यांनी लिफ्टचे नाव टाकले. जिना उतरवत नाही, लिफ्टवर भरवसा नाही. भाजी गॅलरीतून दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर जायची आणि खाली पार्किंगमध्ये बायकांच्या गप्पा रंगल्या की काकू चौथ्या मजल्यावरून ओरडून त्यात भाग घ्यायच्या.

“मोरू,” एकदा त्या मला म्हणाल्या. (माझे नाव मोरेश्वर मोकल. सबंध अष्टमीत मला ‘मोरू’ म्हणणाऱ्या त्या एकट्याच, आणि नेमक्या चार लोकांत म्हणतात.) “मोरू, मला एकदा खाली येऊन बसायचंय रे. वरून मानसांची नुसती टकलं दिसतात.”

हे मला लागले. टकलाचे नव्हे, खाली येण्याचे.

म्हणून वार्षिक सभेत, चेअरमन धनेशशेठ यांनी डिझेलचा नवा जनरेटर घ्यायचा ठराव मांडला तेव्हा मी उभा राहिलो. म्हटले, वादळाच्या वेळी लोक डिझेलसाठी कॅन घेऊन रांगेत उभे होते ते विसरलात का? गच्चीवर एवढे ऊन फुकट जाते आहे. पॅनेल बसवा, बॅटरी ठेवा, लिफ्ट आणि पंप त्यावर चालवा. धनेशशेठ टाइल्सचे व्यापारी आहेत. समोरचा माणूस किती पाण्यात आहे हे बघून बोलायची त्यांना सवय.

“उन्हावर लिफ्ट?” ते हसले. “मोकलसाहेब, आधी उन्हावर चहा करून दाखवा.”

लोकही हसले. इथे मी गप्प बसायला हवे होते.

“चहा काय करायचाय?” मी म्हणालो. “अख्ख्या सोसायटीला जेवू घालतो! गॅस पेटवणार नाही, डिझेलचा थेंब जाळणार नाही!”

“जेवण झालं तर पॅनेल,” धनेशशेठ म्हणाले. “नाय झालं तर जनरेटर. आणि मग पुन्हा विषय काढायचा नाय.”

ठराव लिहिला गेला. वरून आवाज आला, “शनवारी ठेवू नका गो! माझ्याकडं शनवारी तसाही गॅस पेटत नाय. आमच्यात तो दिवस पाळतात. जन्मभर पाळला, मेले का मी?” सभा पार्किंगमध्ये होती, त्यामुळे काकूंचे मत इतिवृत्तात घ्यावे की नाही यावर थोडी चर्चा झाली. रविवार ठरला.

घरी आल्यावर बायको एवढेच म्हणाली, “वालाची खिचडी करू. वाल भिजत घालता येतील ना तुम्हाला?” मी बाणेदारपणे ‘येतील’ म्हणालो आणि वाल कशात ठेवतात ते विचारले.

शेजाऱ्यांचे सल्ले दुसऱ्या दिवसापासून सुरू झाले. कोणी सांगितले भिंग आणा, कोणी म्हणाले खिचडी आदल्या दिवशीच करून उन्हात ठेवा, कळतंय कुणाला. शेवटी बायको आणि पहिल्या मजल्यावरची दिपिका यांनी सूत्रे हातात घेतली. जुन्या पत्र्याच्या ट्रंका आतून काळ्या रंगवायच्या, वर काच बसवायची, आत डबा ठेवायचा. दिपिकाने हे कुठेतरी पाहिले होते. प्रत्येक घरच्या माळ्यावर एक तरी ट्रंक निघाली. रोज दुपारी पार्किंगमध्ये ब्रश, काचा, जुन्या गोधड्या असा संसार मांडला जाऊ लागला. पाण्याच्या टाकीवरून एकमेकींशी अबोला धरलेल्या दोन बाया एकाच ट्रंकेच्या दोन बाजू रंगवताना मी डोळ्यांनी पाहिल्या. वरून काकू सूचना देत होत्या आणि टोपलीतून जुन्या गोधड्या खाली सोडत होत्या. सेक्रेटरी म्हणून मी प्रत्येक ट्रंकेची पाहणी केली. दोन ट्रंकांना हात लावून पाहिला, रंग ओला होता.

पण मोठ्या पातेल्यासाठी मोठे काहीतरी हवे होते. ऊन एका जागी गोळा करणारा आरशाचा खोलगट तवा मी चित्रात पाहिला होता. तो बनवायचा कुणी? पेणला माझा मावसभाऊ काळुराम आहे, त्याचा गणपतीचा कारखाना आहे. मी पेण गाठले.

“खोलगट पायजे,” मी हातवारे करत सांगितले. “उभा राहिला पायजे. चकचकीत पायजे. आणि सगळा उजेड मध्यभागी यायला पायजे.”

काळुरामने माझ्याकडे दयेने पाहिले. “मोरू, सरळ सांग ना प्रभावळ पायजे म्हनून!”

त्यानंतर मी जे जे बोललो ते वाया गेले. ज्याच्या बापजाद्यांनी देवामागच्या प्रभावळी केल्या, त्याला आता मी शिकवणार? आठवड्याने गेलो तर कागदाच्या लगद्याची, माणसाच्या उंचीची प्रभावळ उभी होती. आरशाचे तुकडे एकाला एक असे बसवलेले की डोळे दिपावेत. इथपर्यंत उत्तम. पण कडेने कमळे होती. दोन्ही बाजूंना दोन मोर होते. आणि वर, सोनेरी अक्षरांत, ‘श्री’.

“मोर कशाला?” मी विचारले.

“ओकंबोकं दिसलं असतं,” काळुराम म्हणाला. “आनि यात बसवनार काय? मूर्ती कवा नेतोस?”

“खिचडी बसवणार आहे.”

काळुरामने कानाला हात लावला, पण प्रभावळ दिली.

आता ती रोह्याला आणायची कशी? टेम्पो डिझेलचा, म्हणजे धनेशशेठना आयते कोलीत. रेल्वे विजेवर चालते, म्हणून मी रेल्वेने निघालो. (वीज कोळशावर होते, हा मुद्दा बायकोने काढला होता. तो मी कार्यक्रम होईपर्यंत तहकूब ठेवला.) पेणच्या फलाटावर प्रभावळ खांबाला टेकवून उभी केली आणि पिशवी तिच्यासमोर ठेवून मी पाणी प्यायला गेलो. परत येतो तो पिशवीतून धूर! माझा पेपर, माझी टोपी आणि मावशीने बांधून दिलेले पोहे, तिन्ही करपण्याच्या बेतात. टोपी गेल्याचे दुःख होतेच, पण मनातून मी उड्या मारत होतो. प्रभावळ चालत होती!

तेवढ्यात टीसी आले. “काय जळतंय? शेगडी आहे का ही? गाडीत शेगडी न्यायला बंदी आहे.”

“यात काहीच जळत नाही,” मी म्हणालो. “फक्त ऊन.”

“ज्वलनशील पदार्थ आहे का?”

ऊन ज्वलनशील आहे का, हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. मी विचार करत राहिलो आणि विचार करणारा माणूस टीसीला नेहमीच संशयास्पद वाटतो. शेजारी मिठाच्या गोणीवर एक आजी बसल्या होत्या. त्या उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि प्रभावळीला नमस्कार करून म्हणाल्या, “ओ साहेब, देवाची हाय ती. वर लिवलंय दिसत नाय काय? पाया पडा नि व्हा बाजूला.”

टीसींनी ‘श्री’ वाचला आणि टोपी काढून नमस्कार केला. खोटे बोलायची वेळ माझ्यावर आली नाही, ते पुण्य आजींनी जोडले. गाडीत नागोठण्यापर्यंत प्रभावळीत दोन फुले पडली. निडीला कुणीतरी नारळ ठेवला. रोह्याला उतरून हातगाडीवर निघालो तर मागून “मोरया!” असा आवाज आला. ऐन माघात अष्टमीच्या रस्त्यावरून माझी मिरवणूक निघाली. पुलाजवळ धनेशशेठ भेटले. त्यांनी हात जोडले, मग मला ओळखले आणि जोडलेले हात खिशात घातले.

इथवर आल्यावर मला थोडा चेव चढला. सोसायटीपुरतेच कशाला, अष्टमीनेही पाहावे म्हणून मी एक फ्लेक्स करायला टाकला. मजकूर माझा: ‘चला, गॅसमुक्त होऊ या! गॅसमुक्त रविवार. कुंडलिका दर्शन सोसायटी. प्रवेश मोफत. कृपया रिकाम्या पोटी यावे.’ लोकांनी भूक राखून यावे, एवढाच माझा हेतू. फ्लेक्सवाला रितेश म्हणाला, “चित्र टाकतो एक, नायतर कोन वाचनार?” त्याने पोटावर हात ठेवून हसणारा एक गृहस्थ टाकला. जेवून तृप्त झालेला दिसतो आहे, असे समजून मी संमती दिली.

शनिवारी एका कार्यालयातून फोन आला. “आरोग्य शिबिराची परवानगी काढलीत का?”

“शिबिर नाही हो, जेवण आहे.”

“मग अन्नवाटपाची काढलीत का?”

“आमचंच जेवण, आम्हीच खाणार.”

“आग पेटवणार असाल तर अग्निशमनची लागेल.”

“आग नाही. उन्हावर करणार.”

पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. “ऊन आमच्या विभागात येत नाही,” असे सांगून त्यांनी फोन ठेवला.

रविवारी सकाळी मी खाली उतरलो तर पार्किंग भरून गेले होते. अष्टमी, रोहा, निडी, कुठून कुठून माणसे आली होती. सगळी वयस्कर, सगळी गंभीर आणि बहुतेकांच्या हातात फायली. एकजण सोनोग्राफी घेऊन आला होता. निडीचे रघूनाना सगळ्यांत पुढे.

“डॉक्टर कुठं बसतात?” त्यांनी विचारले. “चा पन नाय घेतला सकाळपासून. रिकाम्या पोटी या म्हनून लिवलंय.”

मला पहिल्यांदा फ्लेक्सवरचा गृहस्थ समजला.

“नाना, हा तो गॅस नव्हे,” मी म्हणालो. “हा सिलिंडरचा गॅस. त्याच्याशिवाय स्वयंपाक करायचा आहे.”

“काय स्वयंपाक?”

“वालाची खिचडी.”

जमावात कुजबुज झाली. पोटातल्या गॅसवर वाल म्हणजे फारच उघड दगाबाजी होती. पण सकाळी कुणी चहाही घेतलेला नव्हता आणि प्रवेश मोफत होता. एकही जण गेला नाही.

ट्रंका मांडल्या, प्रभावळ उभी केली, पातेले ठेवले. ऊन चढले. खिचडी मात्र थंड. मी पाण्यात बोट घालून पाहिले, पुन्हा थोड्या वेळाने घालून पाहिले. बायको आली, तिने वर पाहिले आणि मला विचारले, “मंडप कुणी सांगितला?”

मीच सांगितला होता. कार्यक्रम म्हटला की आमच्याकडे आधी मंडप. लोकांना उन्हाचा त्रास नको म्हणून मिथुन डेकोरेटरकडून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाल-पिवळा जाड मंडप मीच घालून घेतला होता. उन्हावर स्वयंपाक करायला मी आधी उन्हाचाच बंदोबस्त केला होता! मिथुन शिडी घेऊन कोलाडला लग्नाला गेलेला. मंडपाबाहेर एका बाजूला इमारतीची सावली, दुसऱ्या बाजूला रस्ता.

“चहा तरी झाला काय हो?” धनेशशेठनी सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले. खबरदारी म्हणून त्यांनी एक भाड्याचा जनरेटर आणून कोपऱ्यात ठेवलाच होता. मला वाटले, धरणीने पोटात घ्यावे. माझे सोडा, पुन्हा विषय काढायचा नाही असे ठरले होते, म्हणजे काकू कायमच्या वर.

आणि लाइट गेली. लिफ्ट अर्ध्यात थांबल्याचा ओळखीचा आवाज झाला. “बघा!” धनेशशेठ उत्साहाने म्हणाले आणि त्यांनी जनरेटरची दोरी ओढली. पुन्हा ओढली. त्यांच्या मेहुण्याने ओढली. मग झाकण उघडून पाहिले, तर डिझेल कुणी घातलेलेच नव्हते.

त्या शांततेत वरून आवाज आला, “मोरू! अरे, गच्चीवर ऊन पडलंय बघ सोन्यासारखं! खाली काय करताय अंधारात?”

आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. वर मंडप होता, पण कुणाच्या लक्षात यायचे राहिले नाही.

त्यानंतर जे झाले ते मी सांगूनही तुम्हाला खरे वाटणार नाही. गॅसची पेशंट मंडळी, सोसायटीची मंडळी, सगळी जिन्यावर पायरीपायरीने उभी राहिली. ट्रंका हातोहात वर निघाल्या. पातेले निघाले. पंप बंद, म्हणून पाण्याच्या कळशाही निघाल्या. फायली खालीच राहिल्या. प्रभावळ वळणावर अडकली तेव्हा रघूनानांनी “मोरया!” म्हणून असा जोर लावला की एक मोर जागीच राहिला, बाकी सगळे वर. धनेशशेठना कुणी काही सांगितले नाही, पण सगळे वाहताहेत म्हटल्यावर त्यांनीही एक कळशी उचलली. तिसऱ्या मजल्यावर ते मटकन खाली बसले. शर्ट ओलाचिंब, बोलायला दम नाही.

“काकू हे... कसं चढतात हो?” त्यांनी मला विचारले.

“चढत नाहीत, शेठ,” मी म्हणालो. “म्हणूनच उतरत नाहीत.”

धनेशशेठ उठले, कळशी उचलली आणि पुन्हा चढू लागले.

चौथ्या मजल्यावर काकू दारातच उभ्या होत्या, ठेवणीतली साडी नेसून. त्यांना एकच मजला चढायचा होता. दिपिकाने एक हात धरला, दुसरा माझ्या बायकोने. पायरीपायरीवर थांबत, गुडघ्यांना शिव्या देत काकू गच्चीवर पोचल्या. आम्ही टाकीच्या सावलीत त्यांची खुर्ची मांडली. त्यांनी सगळ्यांकडे एकदा नीट पाहिले. “मानसांना तोंडं पन हायत तर,” त्या म्हणाल्या. मी प्रभावळ पुसण्याचे निमित्त काढून पाठ फिरवली.

प्रभावळ उन्हाकडे वळवली आणि ती पेटलीच म्हणायची. पातेल्यातले पाणी बघता बघता खदखदू लागले. ट्रंकांच्या काचांवर वाफ धरली. गच्चीवरून पहिल्यांदाच सगळ्यांनी मिळून कुंडलिका पाहिली. वेळ लागला, पण कुणाला घाई नव्हती. रघूनानांनी भजन धरले, काकूंनी त्यांच्याकडचे लग्नातले जुने मराठी गाणे म्हटले, त्या दोन अबोल्याच्या बायांनी एकमेकींच्या केसांत फुले माळली. आणि मग वासच सुटला. वालाचा, खोबऱ्याचा, लसणाचा.

पहिले ताट काकूंना दिले. त्यांनी घास घेतला. सगळी गच्ची थांबली होती.

“मीठ कमी हाय,” काकू म्हणाल्या. “पन शिजलीय!”

असा जल्लोष अष्टमीने मॅच जिंकल्यावरही ऐकला नसेल. लोकांनी मागून मागून खाल्ले. तेवढ्यात धनेशशेठ उभे राहिले आणि म्हणाले, ठराव आत्ताच करून टाकू, पॅनेलच्या बाजूने हात वर करा. सगळ्यांचे उजवे हात खिचडीत होते, म्हणून सगळ्यांनी डावे वर केले. पहिला डावा हात धनेशशेठचा होता. त्याच क्षणी रघूनानांनी अशी खणखणीत ढेकर दिली की समोरच्या झाडावरचे कावळे उडाले.

“मोकलसाहेब,” ते डोळे मिटून म्हणाले, “मोकळं वाटलं!”

वाल खाऊन गॅस गेल्याचे हे पहिलेच उदाहरण असावे. चार मजले चढल्याचा तो परिणाम, असे बायकोचे मत आहे. मी मतभेद नोंदवला आहे.

पॅनेल बसली. मोडका मोर मी दिवाणखान्यात ठेवला आहे. महिन्यातून एका रविवारी आता गच्चीवर उन्हाचे जेवण असते आणि आजूबाजूच्या सोसायट्या ट्रंका घेऊन शिकायला येतात.

परवा ऐन उन्हात सगळ्या अष्टमीची लाइट गेली. पंखे थांबले, लोक घामाघूम होऊन रस्त्यावर आले. मी पार्किंगमध्ये बसलो होतो. लिफ्टचा दिवा लागला, दार उघडले आणि काठी टेकत नाओमीकाकू बाहेर आल्या. मी धावत जाऊन खुर्ची दिली.

“काय रे मोरू, सगळे बाहेर का उभे?”

“लाइट गेलीय ना, काकू.”

“व्हय?” काकू आश्चर्याने म्हणाल्या. “मला काय कळलं नाय बाबा. मी आपली आले खाली.”

सेक्रेटरी म्हणून मला आजवर एवढे मोठे प्रशस्तिपत्र मिळाले नव्हते. तेवढ्यात फाटकातून एक अनोळखी गृहस्थ आत आले. काखेत फाइल, चेहरा कष्टी.

“गॅसवाले डॉक्टर इथंच राहतात का?”

मी फ्लेक्सचा, सिलिंडरचा, रितेशचा सगळा खुलासा करायला तोंड उघडले. पण काकूंनी काठी माझ्याकडे रोखली.

“हेच ते डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “माझे गुडघे ह्यांनीच बरे केले.”

मी गृहस्थांना बसायला खुर्ची दिली आणि त्यांची नाडी पाहिली.